फादर वर्षभर थांबायला सांगतात, ते कशासाठी?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ३१ वर्षांचे, मानेवाड्याला आई-वडिलांसोबत राहता, हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करता, लग्न व्हायचं आहे. दीड वर्षापासून रविवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेला, जाऊन मागच्या बाकावर बसता. बाप्तिस्मा घ्यायचा हे मनाशी पक्कं झालं म्हणून फादरांना गाठलं, तर ते म्हणाले, “येत राहा, निदान वर्षभर जाऊ द्या, मग बोलू.” आता तुम्ही विचारताय: ते मला टाळून राहिले का? एवढा वेळ कशाला? नेमकं शिकवतात काय, आणि शेवटी परीक्षा असते का? त्यानंतर जाता जाता टाकावं तसं एक वाक्य: घरी अजून सांगितलेलं नाही.

मी सिस्टर नाही. संसारी बाई आहे, शाळेतून निवृत्त झालेली. नागपुरातल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीत, मोठ्या माणसांना बाप्तिस्म्यासाठी तयार करण्याचं काम बरीच वर्षं करते. कॅटेकिस्ट म्हणतात आम्हाला. वर्ग आम्ही घेतो, निर्णय फादरांचा आणि बिशपांचा असतो. तुमच्या पॅरिशची रीत थोडी वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

तर फादर टाळत नाहीत. “या रविवारीच उरकून टाकू” असं ते म्हणाले असते तर मला काळजी वाटली असती. चर्चच्या कायद्यात मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्यासाठी तीन अटी आहेत. त्याने स्वतः इच्छा सांगितलेली असावी, श्रद्धेची तत्त्वं आणि त्यासोबत येणारी कर्तव्यं त्याला पुरेशी समजलेली असावीत, आणि तसं जगून पाहण्याची कसोटी झालेली असावी. पहिल्या दोन अटी वर्गात बसून पुऱ्या होतात. तिसरीला दिवस जावे लागतात, दुसरा इलाज नाही. शिवाय १४ वर्षं पूर्ण झालेल्या कोणाचाही बाप्तिस्मा आधी बिशपांच्या कानावर घालावा लागतो. म्हणजे फादरांनी मनात आणलं तरी ते एकट्याने परस्पर करून मोकळे होत नाहीत.

आता थोडं स्पष्ट बोलते. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. चर्च मला कधी घेईल, हा एक. घरी कधी आणि कसं सांगू, हा दुसरा. पहिल्याची घाई पुष्कळदा दुसरा टाळण्यासाठी असते. एकदा डोक्यावर पाणी पडलं की मग सांगू, तेव्हा कोणी काही बदलू शकणार नाही, असा तो हिशेब. असा हिशेब करून आलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचा राग येत नाही. पण शिकायचं ते सहा-आठ महिन्यांत शिकून होतं. उरलेला वेळ असतो तो ही श्रद्धा लपवून न ठेवता, आपल्याच घरात, आपल्याच माणसांत जगता येते का हे बघायला. माझ्या अनुभवात तयारीचा जड भाग तोच.

माणसं आमच्याकडे कशी येतात ते सांगितलं म्हणजे ‘थांबा’चं कारण कळेल. कोणाची मुलगी आजारी होती, शेजारणीने प्रार्थनासभेला नेलं, मुलगी बरी झाली. आता बाप्तिस्मा घ्यायचा असं आईने बोलून ठेवलंय. म्हणजे नवसच तो. कोणाला कॅथलिक मुलीशी लग्न करायचंय. कोणी घरच्यांवर किंवा समाजावर चिडून आलेला असतो. कोणी रात्र रात्र व्हिडिओ बघून आलेला असतो आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त उत्तरं असतात. यातल्या कुठल्याच कारणाला मी नावं ठेवत नाही. देव माणसाला कुठूनही हाक मारतो. पण नवस फेडायला बाप्तिस्मा घेतलेली आई पुढच्या आजारपणात काय करील? तेव्हा मुलगी बरी नाही झाली तर? हे बोलून कळत नाही. वर्षभरात मात्र प्रत्येकाच्या घरी काही ना काही घडतंच: नोकरी जाते, कोणी दवाखान्यात भरती होतं, सख्ख्या भावाशी बिनसतं. त्या दिवसांत माणूस प्रार्थनेकडे कसा वळतो, वळतो की नाही, हे त्याला स्वतःलाच दिसतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये मिशनकार्याविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात कोणावर जबरदस्ती करायला किंवा आमिष दाखवायला सक्त मनाई आहे. त्याच जागी असंही म्हटलंय की येणाऱ्याचा हेतू तपासावा आणि लागलं तर तो शुद्ध होऊ द्यावा. तुमचे फादर तेच करताहेत.

ही काही अलीकडची सावधगिरी नाही. पहिल्या शतकांतल्या एका चर्च-नियमावलीत तीन वर्षं ऐकण्या-शिकण्याची सांगितली आहेत. संत ऑगस्टीन लहानपणापासून दीक्षार्थींच्या, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांच्या, यादीत होता आणि त्याचा बाप्तिस्मा झाला ३८७ च्या ईस्टरला, मिलान शहरात, वयाच्या बत्तिशीत. पुढे तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे हीच रीत झाली आणि मोठ्यांसाठीचा हा रस्ता मागे पडला. व्हॅटिकन परिषदेने तो पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि १९७२ मध्ये त्याचा विधी रोमने प्रसिद्ध केला. पॅरिशमध्ये लोक त्याला त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘आरसीआयए’ म्हणतात.

नागपुरात धर्मांतर म्हटलं की डोळ्यांपुढे १४ ऑक्टोबर १९५६ येतो, दीक्षाभूमीवरचा लाखोंचा समुदाय येतो. त्यामुळे हे एका दिवसात होणारं काम आहे असं पुष्कळांना वाटतं. पण बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली होती १९३५ मध्ये. मधली २१ वर्षं त्यांनी धर्म तपासण्यात घालवली. ती गोष्ट वेगळी, तिची कारणं वेगळी, दोन्हींची सांगड मी घालत नाही. तुम्ही एक वर्ष फार म्हणताय म्हणून आठवलं इतकंच.

तुमचं वर्ष खरंच एक होईल की दोन, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट, तुमचा आधी कुठे बाप्तिस्मा झालाय का? नागपुरात हा प्रश्न फार निघतो. इथे प्रोटेस्टंट मंडळी जुनी आहेत. स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप यांचं नाव तर कॉलेजमुळे घरोघरी माहीत आहे, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झाली. एखाद्याच्या आजीने लहानपणी त्याचा तिथे बाप्तिस्मा करून घेतलेला असतो आणि त्याला तो पुसट आठवतो. पाणी वापरून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला तो बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. दुसऱ्यांदा देत नाही. अशा माणसाची तयारी बरीच आटोपशीर होते. त्याने आधी कन्फेशन करायचं, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायची, मग श्रद्धेची कबुली द्यायची, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) आणि कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घ्यायचं. तुमचं तसं नसेल तर तुम्हाला बाप्तिस्म्याआधी कन्फेशन नाही, कारण आधीची सगळी पापं बाप्तिस्म्यातच धुतली जातात. हे ऐकून लोक हुश्श करतात. मग सांगावं लागतं की बाबा, त्यानंतर आहे.

दुसरी गोष्ट लग्न. तुमचं झालेलं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचं घटस्फोटानंतर दुसरं झालं असेल, तर ते पहिल्याच भेटीत फादरांना सांगा. आधीच्या लग्नाची चर्चकडून चौकशी होते आणि तिला वेळ लागतो. सगळी तयारी करून ईस्टरआधीच्या ऐन उपवासकाळात ही गोष्ट निघाली की माणूस फार दुखावतो. आणि केवळ कॅथलिक मुलीशी लग्न करायचं म्हणून कोणी बाप्तिस्मा घेत असेल तर त्याची गरजच नाही. बिशपांची परवानगी घेऊन दुसऱ्या धर्माच्या माणसाशी चर्चमध्ये लग्न लागतं. अशा मुलांना मी सांगते, आधी लग्न कर, बाप्तिस्म्याचं पुढे सावकाश बघ. मुलीकडचे माझ्यावर नाराज होतात, होऊ देत.

जिवावर बेतलं असेल तर मात्र हे सगळं बाजूला राहतं. मरणाच्या दारात असलेल्याला, त्याची इच्छा असेल तर, साधा माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतो.

वर्षाची चाल साधारण अशी असते. सुरुवातीचे काही महिने नुसती विचारपूस. रविवारी मिस्सानंतर तासभर बसतो, मार्कचं शुभवर्तमान वाचतो, माणसं विचारतील ते बोलतो. कोणी नाव लिहून घेत नाही. तुम्ही दीड वर्षं येताय तरी हा टप्पा तुमचा अजून झालेला नाही, कारण मागे बसून परत गेलात. कोणाशी बोलला नाहीत. पुस्तकाच्या दुकानातून बायबल आणलं असेल तर बघा, त्यात बहुधा ६६ पुस्तकं असतील. कॅथलिक बायबलात ७३ असतात. नव्या करारात फरक नाही, तेव्हा आत्ता तेच वाचा, चालेल.

त्यानंतर स्वीकाराचा विधी. तो चर्चच्या दाराशी सुरू होतो. तुम्हाला नाव विचारतात, देवाच्या चर्चकडे काय मागता असं विचारतात, आणि तुम्ही ‘श्रद्धा’ म्हणता. मग कपाळावर क्रुसाची खूण करतात. पुष्कळ ठिकाणी कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवरही. सगळी पॅरिश बघत असते. त्या दिवसापासून तुम्ही दीक्षार्थी. साखरपुडा झाल्यासारखं समजा: लग्न लागलेलं नाही, पण आता तुम्ही परके नाहीत. चर्चचा कायदाही दीक्षार्थीला आपला मानतो. बाप्तिस्म्याआधी तो वारला तर चर्च त्याचा अंत्यविधी आपल्यातल्या माणसासारखाच करतं. आणि मागे फिरायची मोकळीक शेवटपर्यंत असते. वर्ग सोडून गेलेल्यांच्या घरी आम्ही चकरा मारत नाही. एखादा फोन करतो, खुशाली विचारतो, बस.

दीक्षार्थी काळात शिकवतो त्याचे ढोबळ चार भाग: आपण काय मानतो, सात संस्कार, दहा आज्ञा आणि त्याप्रमाणे जगणं, आणि प्रार्थना. तोंडपाठ करायचं थोडंच असतं: प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, विश्वासांगीकार. परीक्षा नसते. फादर शेवटी निवांत बसून बोलतात, तेव्हा त्रैक्याची व्याख्या आली नाही म्हणून कोणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही. रविवारचा मिस्सा चुकवण्याची सवय, किंवा कामावरच्या माणसाचे पैसे थकवणं, यावरून मात्र थांबवलेलं आठवतं. वर्गाबाहेरही काम देतो. पॅरिशमध्ये व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर तिच्यासोबत गरिबांच्या घरी जायचं, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, ज्यांचं कोणी नाही अशा रुग्णांपाशी बसायचं. नुसती पुस्तकं वाचून आलेला तरुण तिथे एका दुपारी जे शिकतो ते मला सहा रविवारांत शिकवता येत नाही.

एक बारीक गोष्ट. रांगेत सगळे जातात म्हणून तुम्ही कम्युनियन घ्यायला जाऊ नका. ते बाप्तिस्म्यानंतर. जागेवर बसून राहिलात तर कोणी वाईट मानत नाही.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. त्याच्या पहिल्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी निवडीचा विधी होतो, शक्यतो आर्चबिशपांसमोर. आपल्याकडे म्हणजे सदरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल. नागपूर १८८७ पासून धर्मप्रांत आणि १९५३ पासून आर्चडायोसिस आहे. वेगवेगळ्या पॅरिशमधून आलेली मराठी, हिंदी, तामिळ बोलणारी माणसं तिथे एकत्र उभी राहतात तेव्हा आपण एकटेच नाही हे दीक्षार्थ्याला पहिल्यांदा कळतं. नंतर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे तीन विधी आणि योहानाच्या शुभवर्तमानातले तीन उतारे: विहिरीवरची शमरोनी बाई, जन्मांध माणूस, लाजरस. पहिल्या उताऱ्यावर आमच्या वर्गात सगळ्यात जास्त बोलणं होतं. शमरोनी लोकांच्या भांड्याला यहुदी शिवत नसत, आणि इथे यहुदी माणूस शमरोनी बाईच्या भांड्यातून पाणी मागतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एरवी तोंड न उघडणारी माणसं त्या दिवशी आजोबांच्या गावची विहीर सांगू लागतात.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन, तिन्ही एकदमच होतं. विधी आधी दोनदा तालीम करून दाखवतो, म्हणून त्याची धास्ती नको. त्यानंतर पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतचे पन्नास दिवसही तयारीचाच भाग आहेत, पण खरं सांगायचं तर नागपूरच्या मे महिन्यात हे वर्ग ओस पडतात. मला ते पटत नाही. नव्या माणसाला गरज तेव्हाच जास्त असते.

आता घरचं. यावर लांब लिहिणार आहे.

तुम्ही सज्ञान आहात, चर्च तुमच्याकडे आई-वडिलांची परवानगी मागणार नाही. तरीही गुपचूप बाप्तिस्म्याला माझा विरोध असतो. घरी मारहाण किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी फादरांशी बोला. एरवी मात्र स्वीकाराचा विधी चारचौघांत होतो, बाप्तिस्म्याची पॅरिशच्या रजिस्टरमध्ये नोंद होते, आणि नागपूर अजूनही इतकं लहान आहे की मानेवाड्यातलं कोणीतरी सदरमध्ये तुम्हाला पाहीलच. आईला हे शेजारणीकडून कळणं आणि तुमच्याकडून कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मराठी माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक माहीत असतात. ते कॅथलिक नव्हते, पण १८९५ मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दूर माहेरच्या माणसांत होत्या आणि त्या बातमीने कोसळल्या. पुढची काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई नंतर स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, पण मधली वर्षं कोणी परत दिली नाहीत.

घरी सांगितल्यावर रागाचा भर जरा ओसरला की तीन प्रश्न येतात. तिन्हींची तयारी ठेवा.

पहिला सणांचा. “मग आता महालक्ष्म्यांना जेवायला येणार नाहीस का?” जेवायला जा. कुटुंब म्हणून बसायचं, वाढायला मदत करायची, दिवाळीचा फराळ खायचा, तान्ह्या पोळ्याला भाच्याचा लाकडी बैल ओढायचा, मारबत बघायला जायचं, यात काहीच अडचण नाही. देवतेची पूजा स्वतः करणं मात्र तुम्हाला थांबवावं लागेल, आणि ते शांतपणे, आधी सांगून. नैवेद्याच्या ताटाचं काय, हे सगळेच विचारतात. हा प्रश्न करिंथच्या मंडळींनी संत पौलाला विचारला होता. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचा. त्याचा सूर असा: मूर्तीपुढे ठेवल्याने अन्नाला काही होत नाही, पण तुझ्या खाण्याने दुसऱ्या कच्च्या मनाच्या भावाची श्रद्धा डळमळत असेल तर खाऊ नकोस. म्हणजे नियम ताटाचा नाही, माणसाचा आहे. म्हणून मीही सरसकट उत्तर देत नाही. एका घरात आईने हातावर ठेवलेला लाडू नाकारणं म्हणजे निव्वळ अपमान असतो. दुसऱ्या घरात तोच लाडू ‘बघा, अजून आपलाच आहे’ म्हणून गावभर सांगायला वापरतात. तुमचं घर कुठलं, ते तुम्हालाच ठाऊक.

दुसरा प्रश्न नावाचा आणि राहणीचा. नाव बदलायची गरज नाही. ख्रिस्ती भावनेला न शोभणारं नाव नसावं, एवढीच अपेक्षा आहे. विजय असाल तर विजयच राहा. स्त्रियांच्या मंगळसूत्राला, कुंकवाला कोणी हरकत घेत नाही. मिस्सामध्ये आरती आणि हात जोडून नमस्कार यांना भारतासाठी १९६९ मध्येच मान्यता मिळाली आहे. आई एखाद्या मराठी मिस्साला तुमच्यासोबत आली तर तिची निम्मी भीती तिथेच जाईल.

तिसरा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा वडिलांकडून: “आम्हाला अग्नी कोण देणार?” एकुलता एक मुलगा असेल तर हा प्रश्न टोकदार होतो. त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नका. आई-वडिलांचा मान राखणं ही दहा आज्ञांपैकी एक आहे आणि बाप्तिस्म्याने ती सैल होत नाही, घट्ट होते. त्यांची सेवा, शेवटचं आजारपण, तिरडीला खांदा, घाटावर शेवटपर्यंत उभं राहणं, हे सगळं तुमचंच काम राहतं. दहनाला तर चर्चचीही हरकत नाही, कॅथलिकांना स्वतःसाठीही ते चालतं. प्रत्यक्ष विधीत कुठवर जायचं हे फादरांशी बसून ठरवा, आणि चुलतभाऊ किंवा भाचा कोणी तयार असेल तर त्याच्याशी आत्ताच, सगळे धडधाकट असताना बोलून ठेवा. वडिलांना उत्तरापेक्षा हे कळणं महत्त्वाचं असतं की तुम्ही या गोष्टीचा विचार केलाय.

सांगायची वेळ निवडा. सणाच्या दिवशी नको, बहिणीच्या सासरचे आलेले असताना नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. आधी घरातल्या एकाला विश्वासात घ्या. बोलताना त्यांच्या देवांबद्दल एक शब्द वावगा काढू नका. देवघरावरून भांडण करणारा दीक्षार्थी आला की मी त्याला आणखी सहा महिने थांबवते, हे माझं वैयक्तिक मत समजा, पण फादरही बहुधा ऐकतात.

कायद्याचं थोडक्यात, कारण मी वकील नाही. राज्यघटनेचं २५ वं कलम तुम्हाला सद्सद्विवेकाचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. धर्मांतराबद्दल राज्याराज्यांत वेगळे कायदे आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये नवा आला. छिंदवाडा, शिवनीकडची पुष्कळ माणसं इथे कामाला असतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. तुमच्या बाप्तिस्म्याच्या वेळी महाराष्ट्रात काय लागू आहे आणि आधी कोणाला कळवावं लागतं का, हे फादर आणि वकील दोघांकडून नक्की करून घ्या.

जातीच्या दाखल्याचं मात्र मी प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्याला राहत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. बाप्तिस्मा झालेला असताना नोकरीतल्या सवलतीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागण्याचा एक प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला. हा नियम न्याय्य आहे का, यावर माझं मत तिखट आहे, पण तो विषय वेगळा. तुमच्या घरी असा दाखला असेल तर किंमत काय मोजायची हे डोळे उघडे ठेवून ठरवा. दाखला सांभाळण्यासाठी बाप्तिस्मा लपवायचा, असा सल्ला कोणी दिला तर तिथून उठा. तसंच या सगळ्याला पैसे लागत नाहीत. कोणी पैसे मागितले, किंवा उलट पैसे, नोकरी, शाळेत प्रवेश देऊ केला, तरीही उठा आणि फादरांना सांगा.

राहिला गॉडफादरचा, म्हणजे बाप्तिस्म्याला तुमच्या बाजूने उभा राहून पुढे साथ देणाऱ्याचा, प्रश्न. तो कॅथलिक, दृढीकरण झालेला, साधारण १६ वर्षांपुढचा आणि श्रद्धा पाळणारा असावा; नातेवाईक असण्याची गरज नाही. फोटोपुरता उभा राहणारा नको. आमच्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक तामिळ काका आहेत, मराठी मोडकंतोडकं बोलतात, पण ज्या मुलाचे गॉडफादर झाले त्याच्याकडे दर रविवारी संध्याकाळी चहाला जातात. तसा कोणी शोधा. मागच्या बाकावरून तो सापडणार नाही, तेव्हा मिस्सानंतर बाहेर थांबत जा.

पुढच्या रविवारी फादरांना ‘बाप्तिस्मा कधी’ असं विचारू नका. वर्गात कधीपासून बसू, घेतं कोण, आणि आपल्या पॅरिशमध्ये वर्ग नसेल तर जवळच्या कुठल्या पॅरिशमध्ये जाऊ, हे विचारा. आधी बाप्तिस्मा झालाय की नाही, लग्न झालेलं नाही, घरी सांगितलेलं नाही, ही तिन्ही त्याच वेळी सांगून टाका. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये केव्हाही येतो. आता पोळा होऊन गेला. लगेच सुरुवात केलीत तरी येता ईस्टर तुमच्यासाठी लवकर होईल असं मला वाटतं. त्याच्या पुढचा धरून चाला, आणि घरी दिवाळीनंतर सांगा.